मागच्या सीटवरून: टॅक्सीच्या बदलत्या गाड्यांचे परीक्षण

नव्या गाडीचे परीक्षण बहुधा चालकाच्या सीटवरून लिहिले जाते. इंजिनाची ताकद, गिअरचा सफाईदारपणा, वळणावरची पकड आणि इंधनाचा खर्च तपासून झाला की मत तयार होते आणि मागे बसणाऱ्यांची सोय शेवटच्या एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. टॅक्सीचे परीक्षण या पद्धतीने करता येत नाही. तिचे गिऱ्हाईक मागे बसते, ते दिवसभर बदलत राहते, आणि त्यात गुडघेदुखीने बेजार झालेले आजोबा, कडेवर मूल घेतलेली आई, विमानतळावरून दोन मोठ्या बॅगा घेऊन आलेला परका माणूस आणि व्हीलचेअर वापरणारा प्रवासी असे सगळेच असतात. म्हणून जगातल्या मोठ्या शहरांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत टॅक्सीसाठी ज्या गाड्या वापरल्या, त्यांपैकी काहींचा विचार येथे मागच्या सीटवरूनच केला आहे. दार किती रुंद उघडते, पाय किती उंच उचलावा लागतो, डोके कोठे आपटते का, सामान कोठे ठेवायचे आणि उतरताना अंग किती वळवावे लागते, हे माझे निकष आहेत. वेगाचा विचार मुद्दाम केलेला नाही, कारण शहराच्या गर्दीत वेग ठरवण्याचे काम गाडीकडे राहिलेले नसते.

शहराची टॅक्सी प्रवाशांच्या मागणीमुळे बदलते, असा कोणाचा समज असेल तर तो खरा नाही. प्रवासी रस्त्यावर हात करतो आणि जी गाडी थांबेल तिच्यात बसतो. निवड करतात ते परवाना देणारे खाते, गाडी विकत घेणारा मालक आणि ती बनवणारा कारखाना. खाते गाडीची वयोमर्यादा आणि धुराचे नियम ठरवते, मालक सुटे भाग किती स्वस्त मिळतात आणि जवळच्या मेकॅनिकला ते इंजिन ठाऊक आहे की नाही हे पाहतो, आणि कारखाना एखादे दिवशी ते मॉडेलच बंद करून दोघांचाही हिशेब मोडतो. या ओढाताणीत मागे बसणाऱ्याचे हित टिकून राहिले अशा गाड्या फार थोड्या निघाल्या.

त्या थोड्यांमध्ये न्यूयॉर्कची चेकर पहिल्या मानाची. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू येथील चेकर मोटर्स या कारखान्याचा मुख्य धंदाच टॅक्सी बनवण्याचा होता, आणि ते गाडीत बसताक्षणी कळावे अशी तिची रचना होती. उंच छत, रुंद दार, मागच्या सीटपुढे जवळजवळ सपाट आणि ऐसपैस जमीन, आणि त्या जमिनीवर उघडता येणाऱ्या दोन घडीच्या सीट, म्हणजे मागच्या भागात एकूण पाच जण बसू शकत. टोपी न काढता आत जाता येई आणि मोठी ट्रंक पायाशी ठेवता येई. दिसायला ती ओबडधोबड होती आणि तिच्या रूपात वर्षानुवर्षे फारसा बदल झाला नाही, पण टॅक्सीच्या बाबतीत हा गुणच म्हटला पाहिजे, कारण जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला चालत असे. १९८२ मध्ये चेकरचे उत्पादन थांबले आणि न्यूयॉर्कमधली शेवटची चेकर १९९९ मध्ये निवृत्त झाली. सतरा वर्षे ती मागच्या साठ्यावर तग धरून राहिली, यातच तिच्या बांधणीचे प्रमाणपत्र आहे.

तिच्यानंतर न्यूयॉर्कमध्ये ज्या गाडीचे राज्य चालले, ती फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया. या गाडीला मिळणारी वाहवा मला कधीच पटलेली नाही. स्वतंत्र सांगाड्यावर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि आठ सिलिंडरांचे ४.६ लिटरचे इंजिन यांमुळे ती खड्डे, टकरा आणि दोन पाळ्यांची राबणूक सहन करी, आणि पोलिसांकडेही तीच गाडी असल्यामुळे तिचे सुटे भाग कोठेही मिळत. हे सगळे फायदे मालकाचे. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला येई तो इंजिनाची गती मागच्या चाकांना पोचवणाऱ्या शाफ्टचा जमिनीच्या मधोमध उठलेला उंचवटा, ज्यामुळे मधल्या प्रवाशाला पाय कोठे ठेवावेत हे कळत नसे, आणि चालकाच्या सुरक्षिततेसाठी बसवलेला जाड पारदर्शक पडदा, ज्याने पायांची जागा आणखी कमी केली. बाहेरून एवढी लांब दिसणारी गाडी आतून इतकी तोकडी कशी, असा प्रश्न पडे. पुढे चाकांमधले अंतर वाढवलेली आवृत्ती आली तेव्हा गुडघ्यांना थोडा दिलासा मिळाला. डिकी मात्र खरोखर मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. शहरात प्रतिलिटर सहा-सात किलोमीटर धावणारी ही गाडी २०११ मध्ये बंद झाली, आणि तोवर हायब्रीड गाड्या तिच्या शेजारी उभ्या राहू लागल्या होत्या.

त्याच वर्षी न्यूयॉर्कने एक वेगळा प्रयोग हाती घेतला. उद्याची टॅक्सी कोणती हे ठरवण्यासाठी स्पर्धा घेऊन शहराने निस्सानची एनव्ही २०० ही छोटी व्हॅन निवडली आणि पुढे सर्वांनी तीच घ्यावी असा नियम केला. कागदावर ही गाडी माझ्या निकषांना जवळजवळ पूर्ण उतरते. दोन्ही बाजूंचे दरवाजे सरकते असल्यामुळे शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराला दाराचा तडाखा बसण्याचे भय नाही. जमीन सपाट आहे, छताला काच असल्यामुळे उंच इमारती बसल्या जागेवरून दिसतात, मागच्या प्रवाशाला फोन चार्ज करण्याची सोय आहे. हॉर्नसुद्धा कमी त्रासदायक आवाजाचा दिला होता आणि तो वाजला की बाहेर दिवे लागून कोणी वाजवला हे उघड होई, ही कल्पना आणखी काही शहरांनी उचलली तर कानांवर उपकार होतील. एवढे असूनही प्रयोग फसला. एकच गाडी सर्वांवर लादण्याला मालकांनी न्यायालयात आव्हान दिले. निकाल शहराच्या बाजूने लागला खरा, परंतु त्यात वर्षे गेली, आणि मोबाइलवरून बोलावायच्या गाड्यांनी टॅक्सीच्या परवान्याची किंमतच घसरवली. २०१८ मध्ये ही सक्ती मागे घेण्यात आली. माझ्या दृष्टीने या गाडीचा मोठा दोष वेगळाच होता. एवढा विचार करून निवडलेल्या गाडीत व्हीलचेअरची सोय मूळ रचनेत नव्हती आणि ती वेगळे फेरफार करून बसवावी लागे. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी शहराला न्यायालयात खेचले आणि २०१३ मध्ये निम्म्या पिवळ्या टॅक्सी २०२० पर्यंत व्हीलचेअरयोग्य करण्याचे शहराने मान्य केले, तेव्हा कुठे या विषयाला गती आली.

या बाबतीत लंडन पुढे आहे, आणि त्याचे कारण तिथल्या परवान्याच्या नियमांत सापडते. तिथे टॅक्सीने किती लहान वर्तुळात वळावे हेसुद्धा नियमात लिहिलेले आहे, त्यामुळे बाजारातली कोणतीही मोटार आणून तिच्यावर टॅक्सीचा दिवा लावता येत नाही. १९५८ मध्ये आलेली ऑस्टिनची एफएक्स ४ ही काळी गाडी थोड्याफार बदलांनिशी १९९७ पर्यंत बनत राहिली. तिच्यात चालकाच्या शेजारी प्रवाशाची सीटच नव्हती. ती जागा सामानाची होती. हा निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो, कारण बॅग चालकाच्या नजरेसमोर राही आणि उतरताना विसरली जात नसे. मागचा कक्ष उंच आणि मोकळा होता, चालकामागच्या आडपडद्याला घडीच्या सीट होत्या, त्यामुळे चार-पाच जणांना समोरासमोर बसून बोलत जाता येई. परंतु डिझेल इंजिनाची घरघर आणि हादरे इतके असत की ते बोलणे मोठ्याने करावे लागे, आणि हिवाळ्यात दाराच्या फटींतून येणारा गार वारा ठरलेला. तिची पुढची पिढी, म्हणजे १९९७ ची टीएक्स १ आणि तिच्यामागून आलेल्या गाड्या, दिसायला गोलसर झाल्या, आत थोड्या शांत झाल्या आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प घेऊन आल्या. २००० पासून लंडनच्या प्रत्येक टॅक्सीत व्हीलचेअर चढवता येणे सक्तीचे आहे. ज्या शहरात ही सोय फोन करून वेगळी मागवावी लागत नाही, तिथे व्हीलचेअरवरचा माणूस रस्त्याच्या कडेला इतरांसारखाच हात करून उभा राहू शकतो. टॅक्सीच्या गाडीकडून याहून मोठी अपेक्षा मी करणार नाही.

१ जानेवारी २०१८ पासून लंडनमध्ये नव्याने परवाना घेणारी टॅक्सी काही अंतर तरी धुराविना धावू शकणारी असली पाहिजे, असा नियम लागू झाला आणि त्यासाठी एलईव्हीसी या कंपनीची टीएक्स ही गाडी रस्त्यावर आली. ही कंपनी चीनच्या जीली समूहाच्या मालकीची आणि कारखाना कॉव्हेंट्रीजवळ. चाके विजेवर फिरतात. बॅटरी उतरली की छोटे पेट्रोल इंजिन सुरू होऊन वीज तयार करते. मागे सहा जण बसतात, तिघांची तोंडे पुढे आणि तिघांची मागे. मागचे दार उलट्या बाजूने, जवळजवळ काटकोनात उघडते, रॅम्प जमिनीतूनच बाहेर निघतो, आणि मागे बसून चालकाशी बोलण्यासाठी ध्वनियंत्रणा आहे. बसण्याच्या सुखाच्या बाबतीत मला माहीत असलेल्या टॅक्सींत ही पहिली. जुन्या काळ्या गाडीच्या हादऱ्यांनंतर हिच्यातली शांतता इतकी ठळक जाणवते की रस्त्याचा खडबडीतपणा प्रथमच ऐकू येतो. एक उणीव सांगायला हवी. मागच्या दिशेला तोंड करून बसणाऱ्या प्रवाशाला सिग्नलागणिक थांबणाऱ्या गाडीत मळमळू शकते, आणि सहा जण भरले की ही गैरसोय कोणाच्या तरी वाट्याला येतेच.

टोकियोची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते, कारण तिथे जुनी गाडीही चांगली होती. १९९५ मध्ये आलेली टोयोटाची क्राउन कम्फर्ट ही चौकोनी, एलपीजीवर चालणारी, कोणाच्याही नजरेत न भरणारी गाडी. तिच्या मागच्या सीटवर पांढरी आच्छादने असत, आरसे पुढच्या चाकांच्या वर बसवलेले असत म्हणजे चालकाला मान फारशी वळवावी लागू नये, आणि मागचे डावे दार चालक आपल्या जागेवरून उघडत असे. दाराची ही पद्धत १९६४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास तिथे रुजली. हात सामानात गुंतलेल्या माणसाला ही सोय किती मोलाची वाटते हे पावसात उभे राहिल्याशिवाय कळणार नाही. मात्र ही सीट खाली होती. म्हाताऱ्या माणसाला आधी वाकून, मग मागे टेकून, मग एकेक पाय आत ओढून बसावे लागे, आणि टोकियोच्या प्रवाशांमध्ये वृद्धांची संख्या वाढत चालली होती.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या जेपीएन टॅक्सीने नेमका हाच प्रश्न घेतला. गर्द निळ्या रंगाची ही उंच गाडी एलपीजी आणि वीज अशा दुहेरी शक्तीवर चालते आणि आधीच्या गाडीच्या तुलनेत इंधनावर जवळजवळ दुप्पट धावते. डावीकडचे मागचे दार सरकते, तेही विजेवर. जमीन रस्त्यापासून फक्त ३२ सेंटिमीटर उंच आणि सपाट आहे, म्हणजे पदपथावरून आत पाऊल टाकताना पायरी चढल्यासारखे वाटतच नाही. दाराशी धरायला ठळक रंगाच्या मुठी आहेत, ज्या कमी दिसणाऱ्यालाही सापडतात. सीटची उंची अशी आहे की बसताना गुडघ्यांवर भार येत नाही. मागे मोठ्या बॅगा उभ्या राहतात. कारखान्याने हे सगळे करताना आरसे मात्र पुढच्या चाकांवरच ठेवले, कारण चालकांना ते तिथेच हवे होते. जुन्यातले काय ठेवावे याचे हे चांगले उदाहरण आहे.

तरीही पहिल्या आवृत्तीत एक मोठी चूक होती. व्हीलचेअर आत घेण्यासाठी पुढची सीट सरकवायची, मागची दुमडायची, रॅम्पचे भाग काढून जोडायचे, असे एकामागून एक इतके टप्पे होते की दहा मिनिटे सहज जात, आणि वाहत्या रस्त्याच्या कडेला एवढा वेळ थांबायला चालक नाराज असत. व्हीलचेअर पाहून गाडी पुढे काढल्याच्या तक्रारी झाल्या. २०१९ मध्ये कंपनीने रॅम्प आणि सीटची रचना सुधारून हे टप्पे बरेच कमी केले. यातून एक निकष माझ्या यादीत वाढला: सोय आहे की नाही एवढे विचारून भागत नाही, ती वापरायला किती मिनिटे लागतात हेही विचारावे. लंडनची गाडी इथे स्पष्टपणे सरस ठरते.

मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीबद्दल लिहिताना मराठी वाचकांचा रोष पत्करावा लागणार, याची कल्पना आहे. फियाट ११०० च्या वंशातली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही काळी-पिवळी गाडी तिथल्या रस्त्यांची ओळख झाली होती. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ खरी होती, परंतु गाडी म्हणून पाहिले तर मागची सीट खाली, दार अरुंद, खिडकीची काच वर करणारी मूठ बेभरवशाची आणि वातानुकूलन नाही. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढची सलग सीट यांमुळे एखादा जास्तीचा माणूस पुढे मावे, एवढे तिच्या बाजूने बोलता येते. तिच्या जागी आलेल्या सँट्रो आणि वॅगन आर या उंच छताच्या लहान गाड्यांना कोणी गाणी वाहिली नाहीत, पण गुडघे दुखणारा माणूस त्यांत अधिक सहज चढतो-उतरतो. त्यांचा दोष डिकीत आहे. सीएनजीची टाकी तिथली जागा खाते आणि बॅग टपावरच्या कॅरिअरवर किंवा मांडीवर येते. कोलकात्याची अँबॅसॅडर, जिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ती मात्र मागच्या सीटच्या कसोटीवर पद्मिनीपेक्षा नक्कीच वरची. तिची मागची बाकासारखी सीट खरोखर तिघांची होती.

मेक्सिको सिटीच्या फोक्सवॅगन बीटलचा उल्लेख एवढ्यासाठीच की दोनच दारांची ती गाडी टॅक्सी म्हणून वापरण्यासाठी तिथल्या चालकांनी पुढची डावी-उजवी जोडी मोडून प्रवाशाच्या बाजूची सीटच काढून टाकली होती. जुगाड म्हणून हे लाजवाब होते. टॅक्सी म्हणून मागे बसलेल्याला बाहेर पडायला एकच वाट राहते, ही गोष्ट चिंतेची, आणि २०१२ मध्ये त्या गाड्यांचे परवाने संपले ते बरेच झाले.

विजेच्या गाड्यांबाबत सध्या जो उत्साह आहे त्यात एक जुनी गोष्ट विसरली जाते. १८९७ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत विजेवर चालणाऱ्या टॅक्सी धावत होत्या. लंडनच्या गाड्या बॅटरीचे वजन, टायरांची झीज आणि वारंवारचे बिघाड यांमुळे १८९९ मध्येच बंद पडल्या. त्यानंतर शतकभराने चीनच्या शेन्झेनने २०१० पासून बीवायडी या कंपनीची ई ६ ही उंच छताची विजेची गाडी टॅक्सीत आणली आणि २०१८ च्या अखेरीस तिथल्या जवळजवळ सगळ्या टॅक्सी विजेवर धावू लागल्या. हवेसाठी हे मोठे पाऊल आहे. मागच्या सीटसाठी मात्र विजेची प्रत्येक गाडी चांगली नसते, हे खरेदी करणाऱ्या कंपन्यांनी लक्षात घ्यावे. बॅटरी जमिनीखाली असल्यामुळे सेडान प्रकारच्या गाडीत पावले उंच आणि सीट खाली राहते, मांड्यांना आधार मिळत नाही आणि गुडघे वर येतात. त्यातच पेडलवरचा पाय उचलताच गाडी आपोआप मंदावते. चालकाचा पाय सराईत नसेल तर प्रवासी पुढे-मागे झुलत राहतो आणि वाचत असेल तर त्याला हमखास मळमळते. ई ६ सारख्या उंच गाडीत यांपैकी पहिली अडचण कमी होते, म्हणून टॅक्सीसाठी विजेची गाडी घ्यायची तर ती उंचच घ्यावी. आवाज नसलेल्या गाडीत मागच्या पडद्यावर सतत जाहिराती वाजवण्याची चाल तर ताबडतोब बंद व्हावी. तो पडदा बंद करण्याचे बटण शोधण्यातच निम्मा प्रवास जातो.

शेवटी किंमत. लंडनची टीएक्स बाजारात आली तेव्हा ५५ हजार पौंडांहून महाग होती, आणि तिथे गाडी विकत घेणारा पुष्कळदा स्वतः चालकच असतो, त्यामुळे मागे बसणाऱ्याच्या सुखाचे हप्ते पुढे बसणारा अनेक वर्षे फेडत राहतो. टोकियोची जेपीएन टॅक्सी ३३ लाख येनांच्या आसपास मिळू लागली, म्हणजे त्या वेळच्या दराने लंडनच्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी. व्हीलचेअरवरून प्रवास करणाऱ्यासाठी आणि पाच-सहा जणांच्या कुटुंबासाठी मी टीएक्सची शिफारस करीन. एकट्या-दुकट्या प्रवाशासाठी, वृद्धांसाठी आणि गाडी विकत घेणाऱ्याच्या खिशासाठी जेपीएन टॅक्सी सरस आहे. फक्त ती २०१९ नंतरची आहे ना, हे पाहून घ्यावे.